गोमीचं आवतान

आमच्या ओटीवर गाण्याचे दोन मोठे बॉक्स आहेत. लाकडी, माझ्या कमरेएवढे. त्यांची तोंडं भिंतीकडे आणि पाठी आमच्याकडे. नवा माणूस घरात आला की विचारतोच, हे उलटे का ठेवलेत? मी सांगतो, बायकोने ठेवलेत. मग तो स्वयंपाकघराकडे बघतो, बायको बाहेर येईल म्हणून. ती येत नाही. ती गेली.

गोमीची ती सवयच होती. आमचा दिनेश तळोज्याला कारखान्यात शिफ्टला जातो आणि लग्नाच्या हंगामात हळदीला गाणी वाजवायचा धंदा करतो. म्हणजे करायचा. कामावर जाण्याआधी तो बॉक्स फडक्याने पुसून त्यांची तोंडं नीट खोलीकडे करून जायचा. त्याची पाठ वळली की गोमी पदर खोचायची, एकेक बॉक्स कोपऱ्यावर तिरका करायची आणि ढकलत ढकलत भिंतीकडे फिरवायची. शाळेत मास्तर वांड पोराला उभं करतात तसं. वर त्याच्याशी बोलायची, "र्‍हा उभा. लय बोललास काल." दिनेश घरी आला की परत सरळ करायचा. त्यावरून दोघांचं भांडण कधी झालं नाही. सकाळी सरळ, दुपारी उलटे. मी बिडी ओढत बघत बसायचो.

गोमी धवलारीण होती. पनवेलच्या नव्या इमारतींत राहणाऱ्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून लग्न लागेपर्यंत जे जे करायचं ते तिच्या गाण्यावर चालतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. पुस्तक नाही, पोथी नाही, सगळं डोक्यात. आधी ती देवांना आवतान देते, म्हणजे आमंत्रण. गावदेवी, खंडोबा, एकवीरा, वेशीवरचा, खाडीवरचा. देव झाले की त्या घरातली मेलेली माणसं. एकेकाचं नाव घेऊन. ती नाव घेते आणि घरातल्या बाया म्हणतात, "आयला, आयला." बाईमाणूस असेल तर "आयली." म्हणजे तो माणूस मांडवात आला, त्याच्यासाठी जागा झाली, आता पुढचा. सगळे आले की मग हळद लागते. एखादा राहिला तर तो बिचारा बाहेर उभा, असं आमच्यात मानतात.

गोमीच्या डोक्यात आजूबाजूच्या सगळ्या गावांची मेलेली माणसं होती. जिवंतांची नावं ती विसरायची. मला हाक मारताना दिनेशचं नाव घ्यायची. पण कुणाचा पणजोबा कोण, कुणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कुणाचा भाऊ मुंबईला गोदीत गेला तो आलाच नाही, हे विचारा. आणि बोलायची कशी, तर जणू काल भेटलेत. "हरी पाटलाचा बापूस सगल्यात आधी येतो. जिता व्हता तवापन पयल्या पंगतीचाच." किंवा, "ती कान्ही येते पन कोपऱ्यात बसते. सवतीला बोलावल्याबिगर पुढं येत नाय." मी म्हणायचो, गोमे, तुला दिसतात का गं? ती म्हणायची, "दिसाया कशाला पायजेत? तुमी काय पावन्याची तपासनी करता का दारात?"

माझं तिचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट सांगतो. ती नवरी, मुंडावळ्या बांधलेली, आमच्या उंबऱ्यावर उभी. आमच्या गावची म्हातारी धवलारीण नावं घेत होती. घेऊन झाली. आता माप ओलांडायचं. तर नवरी खाली मान घालून पुटपुटली, "भिवाकाका र्‍हायले." भिवा माझा धाकटा काका. मिठागरातून येताना खाडीत गेला होता. पाण्यात गेलेल्याचं नाव शुभकार्यात नको म्हणून घरात कोणी घेत नसे. नवी नवरी पहिल्याच पावलाला सासरच्या धवलारणीची चूक काढते, हे बघून माझा बाप लाल झाला. पण माझी आजी, भिवाची आई, मागून रडत पुढे आली. "घ्या वो नाव. घ्या माज्या पोराचा." घेतलं. मग गोमी आत आली. आजी मरेपर्यंत गोमीला एक वाईट शब्द बोलली नाही. मला मात्र रोज बोलायची.

मी फार शिकलेला नाही. मिठागरात फळी ओढली, ती जमीन नव्या वसाहतीत गेल्यावर कारखान्यात लागलो. तिथल्या मशीनने माझे कान अर्धे खाल्ले. गोमीचा आवाज गोड होता का, असं लोक विचारतात. नव्हता. चिंचेच्या लाकडासारखा होता, कडक. पण अर्ध्या कानालासुद्धा शब्द न् शब्द कळायचा.

एकदा पनवेलच्या कॉलेजातल्या एक बाई टेपरेकॉर्डर घेऊन घरी आल्या. चांगल्या होत्या. जमिनीवर मांडी घालून बसल्या, गोमीच्या हातचा कोरा चहा प्यायल्या. म्हणाल्या, "आजी, तुमचे धवले मला टेप करायचे आहेत. नाहीतर हे सगळं नाहीसं होईल."

गोमीने विचारलं, "लगीन कोनाचा?"

"लग्न नाही हो. अभ्यासासाठी."

"मंग नाय."

"अहो, नुसतं म्हणून दाखवा. थोडंसं."

"बाय, आयक," गोमी म्हणाली. "मी आवतान दिला म्हंजे ती येतात. देव येतात, पितरं येतात. खाडी तुडवत येतात बिचारी. नि मंग तू त्यांना काय सांगशील? लगीन नाय, मशीन तपासत व्हतो? उपाशी परत धाडशील?"

बाई हसल्या. पण गोमी हसत नव्हती, तेव्हा त्या पण थांबल्या. जाताना गोमीने त्यांना सुकट बांधून दिली आणि म्हणाली, "तुजा लगीन झाला का? नाय? मंग तुज्या लगनाला बोलव. तवा भर डब्यात काय भरायचा तो." त्या बाई परत आल्या नाहीत. म्हणून गोमीचा आवाज कुठेही नाही. कुठल्या टेपेत नाही, कुठल्या डब्यात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत वाट बघेल.

हळूहळू तिला बोलावणारे कमी झाले. हळदीला आधी बेंजो आला, मग कॅसेटी आल्या, मग मोठे बॉक्स. धवलारीण कोपऱ्यात बसवायची, पानसुपारी द्यायची, आणि गाणी लावायची. गोमी परत येऊन लुगडं बदलायची आणि काही बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "डबा बोलतो लय चांगला. पन त्याला कोनाचा नाव ठावं नाय."

आणि नेमका आमचाच दिनेश त्या धंद्यात पडला. पनवेलच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून हे बॉक्स घेतले. मग कुठल्यातरी क्लासमधला जुना कंप्युटर आणला. कॅसेटी उलट्यापालट्या करायला नकोत, गाणी सगळी त्यातच. आजूबाजूच्या गावांत हळदीला कंप्युटर नेणारा तो पहिला. टेम्पोत पुढे बसून मांडीवर घेऊन जायचा, तान्ह्या पोरासारखा.

गोमीला त्याने एकदा सगळं समजावून सांगितलं. कंप्युटरच्या पाठीला बारीक भोक असतं, तिथे पिन जाते. तिथून वायर मशीनला, म्हणजे अँप्लिफायरला. मशीनपासून बॉक्सला. "आये, कंप्युटरचा आवाज मुंगीएवडा. मशीन त्याची म्हैस करतो. बॉक्सला सोताचा जोर नाय. आत नुसता कागद नि लोहचुंबक. मागून कोनी ढकलला तर बोलनार, नायतर मुका."

"म्हंजे तुज्या बापूसवानी," गोमी म्हणाली. "मी ढकलल्याबिगर यक काम करत नाय."

दिनेश लाडात आला. "आये, तुजा आवाज भरू का यात? कायमचा र्‍हाईल."

"भर तुज्या बापूसचा. घोरतानाचा."

आमची मुलगी शेवंती विचुंब्याला दिलेली. तिचा नवरा काशिनाथ काविळीने गेला. चांगला जावई होता, मला बिडी आणून द्यायचा आणि शेवंतीला सांगायचा नाही. तो गेल्यावर शेवंतीच्या पोरीचं, मनीषाचं लग्न ठरलं. दिनेश मनीषाचा मामा. मामाने भाचीच्या हळदीला कंप्युटर, मशीन, बॉक्स सगळं आणायचं ठरवलं, एवढे दणदणीत की करंजाड्यापर्यंत ऐकू जाईल म्हणाला. गोमीचं एकच काम होतं. पोरीला हळद लागायच्या आधी पोरीच्या बापाला मांडवात बोलवायचं.

त्या दिवशी सकाळीच ती दिनेशला म्हणाली, "मना वाईच येल दे. काशिनाथला बोलवायचा हाय."

"देतो गो आये. दोन गानी झाली की देतो."

दोन गाणी झाली आणि आणखी दोन झाली. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. मनीषा पाटावर बसली होती, बाया हळद घेऊन खोळंबलेल्या. गोमीने सुरुवात केली. एक ओळ झाली असेल, बॉक्सनी गिळली. परत केली, परत तेच. मी शेजारी होतो, मलासुद्धा तिचे नुसते ओठ दिसत होते. छातीत बॉक्सचे दणके बसत होते. तिने दिनेशकडे बघितलं. दिनेशच्या भोवती पोरं, हा हे लाव म्हणतो, तो ते लाव म्हणतो. मामाच्या नावाचा गजर चाललेला. तो बघत होता पण त्याला दिसत नव्हतं.

गोमी माझ्या कानाला लागून ओरडली, "येवड्या आवाजात मेलेला मानूस दारातनंच परत जाईल!"

बाया म्हणायला लागल्या, ऊन उतरलं, पोरगी कधीची बसलीय, लावू या हळद. शेवंती आईकडे बघत होती. गोमीने मान हलवली. नाही. बापाला बोलावल्याशिवाय नाही.

तेवढ्यात काशिनाथची आई उठली. म्हातारी वाकलेली, हातात ओल्या हळदीचं भांडं. आमच्यात घरातल्या वस्तूंनाही हळदीचं बोट लावतात, म्हणजे त्यांचाही लग्नात मान. ती जात्याला हळद लावून आली, मुसळाला लावली, चुलीला लावली. मग तिची नजर गेली दिनेशच्या टेबलाकडे. कंप्युटरवर त्याने प्लास्टिक घातलं होतं. पण खाली ते मशीन, दिवे लागलेले, गरम झालेलं, घरघरत होतं. म्हातारीला दया आली. "नातीच्या लगनात सकालपासून राबतो बिचारा. त्याला कोनी इचारला नाय." आणि एका बोटाने नाही, ओंजळी भरभरून तिने त्याला न्हाऊ घातलं. मशीनच्या डोक्यावर जाळी होती. हळद सगळी आत.

भस्स झालं. धूर आला. जळक्या हळदीचा वास आला, फोडणी करपल्यासारखा. आणि सगळं बंद.

म्हातारी भेदरून बोलली, "मीच मारला गो त्याला?"

गोमी म्हणाली, "मारला नाय. गप केला."

दिनेशचं तोंड पांढरं पडलं. मामाची अब्रू गेली. पोरं ओरडायला लागली. मशीन तर गेलं होतं. कंप्युटर चालू, बॉक्स धडधाकट, मधलंच गेलेलं. तर याने काय करावं? एक वायर कापली, तिची टोकं दातांनी सोलली आणि बॉक्सच्या पाठीला तांबड्या-काळ्या क्लिपा असतात त्यात धरली. दुसरीकडची पिन सरळ कंप्युटरच्या भोकात. त्याला ठाऊक होतं, त्यानेच आईला सांगितलं होतं, बॉक्सला मागून ढकलणारा लागतो. पण घाबरलेला माणूस स्वतःचं शिकलेलं विसरतो.

गाणं लागलं. एवढ्या मोठ्या बॉक्समधून, जणू विहिरीच्या तळाशी कोणी गुणगुणतंय. दिनेश गुडघ्यावर बसून बॉक्सला कान लावून बघायला लागला. कुणीतरी पोरगा ओरडला, "दिनेसदादा, मच्छराची हलद हाय काय रं?" मांडव हसला.

त्या हसण्यातच गोमीने धवला धरला.

ती उभी राहिली नाही, घसा खाकरला नाही, कुणाकडे बघितलं नाही. पाटासमोर बसल्या जागेवरून, मनीषाच्या पायाकडे बघत तिने गावदेवीला बोलावलं, खाडीवरच्याला बोलावलं. हसणारे एकेक करून गप्प झाले. मग विचुंब्याच्या त्या घराची माणसं. काशिनाथचा आजा, आजी, बाप. बाया "आयला, आयला" म्हणत गेल्या. आणि मग,

"आवतान गेला रं खारीच्या बांदाला,
काशिनाथा बाबा, लेक बसली पाटाला,
तुज्याबिगर कोन लावील हलद तिला,
ये रं बाबा मांडवाला."

आता घरातल्या बाईने "आयला" म्हणायचं. शेवंतीने तोंडात पदर कोंबला होता. कुणी बोलेना. मागे बॉक्समधलं ते बारीक गाणं तेवढं चाललेलं. गोमी थांबून राहिली. ती पुढे जाणार नव्हती. मग काशिनाथची आई, कोपरापर्यंत पिवळी, म्हणाली, "आयला गो. आयला माजा पोर." मग सगळ्या बाया म्हणाल्या. मनीषा तेव्हा रडली. नवरीने रडावं तशी नाही, बापाला बघून पोरगी रडते तशी. आणि हळद लागली.

मी दिनेशकडे बघितलं. तो अजून गुडघ्यावर होता, बॉक्सला कान लावून. पण ऐकत होता आईला.

परत येताना टेम्पोत मागे आम्ही दोघं बॉक्सना टेकून बसलो. गोमीने एका बॉक्सवर हात ठेवला. "आज बरा बोलला ह्यो. मानसाएवडा बोलला." मला वाटलं, आता जुळलं यांचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर तोंडं परत भिंतीकडे.

पावसाळा सरला आणि गोमी तापाने पडली. साधा ताप म्हणून घरीच काढे केले. मग पनवेलला दवाखान्यात ठेवली. तिला तिथली खाट आवडली नाही, उंच होती. म्हणायची, जमिनीवर घाला. एका संध्याकाळी बरी वाटली. उठून बसली, पेज घेतली. मी म्हटलं, दिनेशचं आता बघायला पाहिजे, तू बरी हो, पोरगी बघायला जाऊ.

ती म्हणाली, "बगा. पन अवो, दिनेसच्या हलदीत मना कोन बोलवील?"

मला राग आला. मला अशा बोलण्याचा रागच येतो. म्हटलं, "तू काय मेलीस का? तूच बोलवणार सगळ्यांना."

"तसा नाय. इचारते. ती कोपर गावची धवलारीन अंतरुनाला खिलली. शेवंतीला चार वळी येतात, पन तिचा गला भरतो. कोन हाय दुसरा?"

"मी बोलवीन. झोप आता."

ती हसली. खूप हसली, खोकला येईपर्यंत. "तुमी? बापयमानसानं कदी धवला म्हटला हाय काय? नि तुमचा आवाज म्हंजे फुटका हांडा." मग हसणं थांबल्यावर छताकडे बघत म्हणाली, "पन फुटका हांडापन आयकाया येतो म्हना." दिनेश त्या वेळी दारात उभा होता, डबा घेऊन. त्याने ऐकलं की नाही मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. आमच्या घरात बोलायचं काम तिचं होतं.

ती गेली ती त्यानंतर लवकरच. दुपारी. मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि मला डुलकी लागली होती. जागा झालो तर खोलीत मी एकटा.

बाई गेल्यावर घर कसं होतं हे लिहून सांगता येत नाही. आवाज नाही म्हणावं तर माझ्या अर्ध्या कानांना तसाही कुठे होता? पण सकाळी दिनेश बॉक्स पुसून सरळ करायचा आणि कामावर जायचा. दुपारी मी ओटीवर बसायचो आणि ते दोन बॉक्स माझ्याकडे तोंड करून बसलेले. उलटं करायला कोणी नाही. चार-आठ दिवस बघितलं. मग मीच उठलो आणि फिरवले. जड आहेत. ती कशी फिरवायची कोण जाणे. संध्याकाळी दिनेश आला, बघितलं, हातपाय धुतले, जेवला. त्यानंतर त्याने ते सरळ केले नाहीत. धंद्याला न्यायचा, आणून परत भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

लोक म्हणाले, आई गेलीय, वर्षाच्या आत लग्न करा, नाहीतर लांबतं. पोरगी बघितली. चांगली आहे. हळदीचा दिवस आला. आमच्याच अंगणात मांडव. दिनेशच्या दोस्तांनी त्याचेच बॉक्स लावले, त्याचाच कंप्युटर, नवीन मशीन. म्हणाले, आमच्या दिनेसची हलद हाय, आज पनवेलची झोप उडवतो. खरंच उडवली असती.

दिनेश पाटावर बसला. शेवंती पुढे बसली, तिने प्रयत्न केला. देवांपर्यंत पोचली असेल. बॉक्सच्या खाली तिचा आवाज गेला, आणि मग गळाच भरला. बायांनी एकमेकींकडे बघितलं. काशिनाथची आईपण आली होती, विचुंब्याहून, रिक्षाने. एक बाई माझ्याजवळ येऊन ओरडली, "दादा, लावू ना हलद? आता कोन हाय बोलवाया?" तिचंही खरं होतं. नवऱ्याच्या अंगाला त्यांनी उटीसारखी हळद लावायला घेतलीसुद्धा. हाताला लावली, पायाला लावली.

मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. मला बोलायचं होतं. पण त्या आवाजात माझं फुटकं भांडं कुणाला ऐकू जाणार? तिलाही नाही. येवड्या आवाजात दारातनंच परत जाईल.

तेव्हा दिनेश पाटावरून उठला.

हळद लागायला लागली की नवऱ्याने पाट सोडायचा नसतो. बाया ओरडल्या, "बस रं! उठू नको!" तो पिवळ्या हातांनी, पिवळ्या पायांनी सरळ टेबलाकडे गेला. दोस्त बाजूला झाले. त्याने मशीन बंद केलं आणि बॉक्सच्या वायरी काढल्या. खाली त्याची पेटी होती, पकडी-पान्यांची, त्यातून ती जुनी वायर काढली, विचुंब्याला दातांनी सोललेली. ठेवली होती त्याने. पिन कंप्युटरमध्ये घातली, टोकं बॉक्सच्या पाठीला क्लिपांत दाबली. गाणं परत लागलं. बारीक. विहिरीच्या तळातलं.

सगळंच बंद करता आलं असतं. एवढं मलाही कळतं. पण त्याच्या आईने विचुंब्याला धवला धरला तेव्हा मागे तेवढाच आवाज होता. त्याने तेवढाच ठेवला. मग परत पाटावर जाऊन बसला आणि माझ्याकडे बघितलं.

कुणी हसलं नाही या वेळी.

मला गाता येत नाही. मी गायलोही नाही. मी घरात तिला हाक मारायचो तशी मारली.

"गोमे. दिनेसची हलद हाय. ये गो मांडवाला."

एवढंच. पुढे काय म्हणायचं मला येत नव्हतं. बाया थांबल्या, पुरुषाच्या तोंडून आवतान त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्याला उत्तर द्यायचं की नाही ते त्यांना कळेना. शेवंती रडत होती. मी खांब सोडला नाही. म्हटलं उत्तर येईपर्यंत मीही पुढे जाणार नाही.

कोपऱ्यातून काशिनाथची आई म्हणाली, "आयली. आयली गो बाय. बस."

मग शेवंती म्हणाली. मग सगळ्या.

दिनेश आता सुनेबरोबर नवीन पनवेलला राहतो. तिथून कारखान्याची बस मिळते, आणि सुनेची नोकरीही तिकडेच. येतात रविवारी. मलाही बोलावतात, पण मला त्यांच्या जिन्याचा कंटाळा येतो. धंदा त्याने सोडला. शेजारीपाजारी तक्रार करतात आणि खोल्या लहान, म्हणून बॉक्स इथेच राहिले. मी ओटीवर जेवतो, ओटीवरच झोपतो. बॉक्सची तोंडं भिंतीकडे आहेत, म्हणून त्यांच्या पाठी दिवसभर माझ्यासमोर असतात. क्लिपांच्या भोवती लाकडाला दिनेशच्या पिवळ्या बोटांचे ठसे आहेत. सून एकदा ओलं फडकं घेऊन पुसायला गेली होती. मी म्हटलं, राहू दे, तुझ्या सासूची यायची खूण आहे ती.